दुसऱ्या वासराचा वाटा

आज वसुबारस. आश्विन वद्य द्वादशीच्या सायंकाळी दिवाळीचा पहिला दिवा गोठ्याच्या दारी लागतो, ही पूर्वजांनी घालून दिलेली रीत मोठी अर्थपूर्ण आहे. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यापासून जामखेडच्या माळरानापर्यंत अहिल्यानगर जिल्ह्यातील सुवासिनी आज सवत्स धेनूच्या पायांवर पाणी घालतील, तिला हळदकुंकू वाहतील, गळ्यात फुलांची माळ घालतील आणि नैवेद्याचा घास तिच्या मुखी देतील. ज्यांच्या दारी गाय नाही, अशी शहरांतील कुटुंबे पाटावर गायवासराची मूर्ती मांडून पूजन करतील. या मंगल प्रसंगी सर्व वाचकांस दीपावलीच्या शुभेच्छा देऊन आम्ही एका लहानशा प्रश्नाकडे त्यांचे लक्ष वेधू इच्छितो. प्रश्न लहान दिसला तरी आमच्या मते तो या व्रताच्या गाभ्यातला आहे. गाईला एकाच वेळी दोन वासरे झाली, तर दुसऱ्या वासराचा वाटा कोणी द्यावयाचा?

प्रथम या व्रताचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. गाईचे पूजन आपल्याकडे अनेक प्रसंगी होते. परंतु आजची पूजा एकट्या गाईची नव्हे. तिथीचे नावच गोवत्स द्वादशी. वासरू शेजारी नसेल तर ही पूजा अपुरी मानली जाते. आज व्रत करणाऱ्या स्त्रिया दूध, दही, ताक, तूप यांना स्पर्श करीत नाहीत. गहू आणि मूगही अनेक घरांत वर्ज्य असतात, आणि बाजरीची भाकरी व गवारीची भाजी खाऊन उपवास सोडला जातो. दुधाचा हा त्याग केवळ एका दिवसाचा असला तरी त्यातील अर्थ वर्षभराचा आहे. कासेतले दूध प्रथम वासराचे, आणि त्याचे पोट भरून उरले तर आपले, याचे स्मरण धर्माने वर्षातून एकदा प्रत्येक घराला करून दिले आहे.

वसुबारसेची कहाणी आमच्या वाचक भगिनींना मुखोद्गत असेल. सासू शेतावर जाताना सुनेला गव्हाळे-मुगाळे शिजवून ठेवण्यास सांगते. तिच्या मनात गहू आणि मूग असतात. परंतु घरच्या वासरांची नावेही तीच असल्यामुळे भाबडी सून गोठ्यातील वासरेच कापून शिजविते. घरी आलेल्या सासूला घडला प्रकार कळताच ती हादरते, देवापुढे बसते आणि सायंकाळपर्यंत वासरे जिवंत व्हावीत म्हणून प्राण पणाला लावते. दिवस मावळताना गाई हंबरत परततात, तोच वासरे उड्या मारीत आईकडे धावतात. गहू आणि मूग आज का खात नाहीत, याचे उत्तर या कहाणीत आहे. कहाणी भयंकर आहे, आणि ती मुद्दाम तशी रचली असली पाहिजे. त्या घरात वासरांचा घात झाला तो वैरभावाने नव्हे, तर नीट न ऐकल्यामुळे, न समजल्यामुळे. सुनेचा अपराध अजाणतेपणी घडला होता, म्हणून देवाने तो पदरात घेतला. आज आमच्या गोठ्यांत वासरांचे जे होते ते मात्र अजाणतेपणी होते, असे आम्हांस म्हणवत नाही.

जुळ्या वासरांची गोष्ट घ्या. गाईला जुळे होणे दुर्मीळ असले तरी अघटित नव्हे. सामान्यतः शंभर वेतांमागे एखाददुसऱ्या वेळी जुळे होते. होल्स्टीनसारख्या भरपूर दूध देणाऱ्या विदेशी जातींत हे प्रमाण शंभरात तीन ते पाचपर्यंत जाते. आमच्या जिल्ह्यात राहाता, संगमनेर, राहुरी, कोपरगाव या पट्ट्यांत गेल्या पन्नास वर्षांत संकरित गाय घरोघरी आली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर या तीन रक्तांच्या संगमातून फुले त्रिवेणी ही गाय सिद्ध केली. तेव्हा जुळ्यांचा प्रसंग आमच्या दूध उत्पादकांवर अधूनमधून येणारच. जुळे झाल्याची वार्ता गावात पसरते, लोक पाहावयास येतात, कोणी ओवाळतात. चार दिवसांनी गर्दी ओसरली की गोठ्यात दोन तोंडे आणि एक कास उरते.

जुळ्यांविषयी आमच्या समाजात दोन टोकांच्या कल्पना आहेत. कोणी त्यांस दैवी प्रसाद मानतो, तर कोणी अपशकुन. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही जनावरांच्या जुळ्या प्रसूतीचा विचार उत्पातांच्या प्रकरणात झालेला आहे. गाईच्या जुळ्या वेतात आई आणि वासरे या तिघांच्याही जिवाला धोका अधिक असतो, हे पाहता अशी समजूत का रूढ झाली असेल, याची कल्पना येऊ शकते. परंतु आज त्या धोक्याची कारणे आपणांस ठाऊक आहेत. जुळी वासरे बहुधा काही दिवस आधी जन्मतात आणि वजनाने हलकी असतात. एखादे आडवे किंवा पायाळू येते. आईची वार अडकण्याचा संभव वाढतो. हे सारे उपायांच्या कक्षेतले आहे. शकुनाचा विचार करीत बसण्यापेक्षा पशुवैद्यास वेळेवर बोलावणे हेच तेथे खरे कर्तव्य होय.

एक गोष्ट मात्र प्रत्येक पशुपालकाने जाणून घेतली पाहिजे, कारण तिच्या अज्ञानातून एका निरपराध जिवावर दोष येतो. जुळ्यांत एक गोऱ्हा आणि एक कालवड असेल, तर ती कालवड शंभरात नव्वदांहून अधिक वेळा वांझ निघते. तिला काही झालेले नसते, कोणाची दृष्टही लागलेली नसते. पोटात असताना दोघांच्या वारांतील रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात, रक्त मिसळते आणि गोऱ्ह्याच्या रक्तातील द्रव्यांमुळे कालवडीच्या गर्भाशयाची वाढ खुंटते. जॉन हंटर या स्कॉटिश शल्यवैद्याने १७७९ साली अशा कालवडींचे वर्णन केले आणि १९१६ साली फ्रँक लिली या अमेरिकी शास्त्रज्ञाने त्यामागील रक्तमिश्रणाचा उलगडा केला. दोन्ही कालवडी असल्या तर ही भीती नसते. पशुवैद्य लहानपणीच तपासणी करून बहुधा निदान करू शकतो. अन्यथा मालक तीन वर्षे आशेवर राहतो, पुन्हा पुन्हा रेतन करवितो आणि अखेरीस संतापून तिला बाजाराची वाट दाखवितो.

आता संगोपनाकडे वळू. वासराच्या अंगी रोगाशी झुंजण्याची शक्ती जन्मतः नसते. ती आईच्या चिकातून येते. ती शोषून घेण्याची वासराच्या आतड्याची क्षमता तासागणिक घटते आणि पहिल्या चोवीस तासांत जवळजवळ संपते. म्हणून जन्मानंतर एकदोन तासांत वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक त्याच्या पोटात गेला पाहिजे, आणि बारा तासांच्या आत पुन्हा एकदा पाजला पाहिजे. वासरू पंचवीस किलोचे असेल तर पहिला वाटा अडीच लिटरांचा. जुळी असतील तर पाच लिटरांचा. वार पडेपर्यंत चीक काढावयाचा नाही, ही जुनी समजूत येथे घातक ठरते. वार पडो वा न पडो, वासरांस चीक लगेच मिळालाच पाहिजे. वार बारा तासांत न पडल्यास ती ओढू नये, तिला वजनही बांधू नये, पशुवैद्यास बोलवावे.

जुळ्यांतील सबळ वासरू आधी उठते, आधी सड पकडते आणि पोट भरून घेते. दुबळे मागे राहते, थरथरते आणि दुसऱ्या दिवशी मान टाकते. म्हणून अशक्त वासरास आधी पाजावे, आणि दोघांचे पिणे वेगवेगळे मोजावे. त्यास उभे राहवत नसेल तर चीक पिळून बाटलीने द्यावा. आईचा चीक अपुरा पडल्यास त्याच सुमारास व्यालेल्या दुसऱ्या निरोगी गाईचा मागून आणावा. दोघांच्या नाळेस आयोडीन लावावे, थंडीत अंगाखाली कोरडा पेंढा असावा. आई कधी एकालाच चाटते आणि दुसऱ्याला ढुशी देते. अशा वेळी दुसऱ्यासही तिच्या पुढ्यात ठेवून चाटू द्यावे आणि काही दिवस तिघांस एकत्र राखावे. पुढे रोज वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके दूध, दोन आठवड्यांनंतर हळूहळू वासरांचा खुराक आणि कोवळा चारा, आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने जंतांचे औषध. आईचाही विचार हवा. दोन जीव वाढविलेल्या गाईस पुढील गाभणपणाआधी उत्तम चारा आणि पुरेशी विश्रांती मिळाली पाहिजे.

हे वाचून आमचे शहरवासी वाचक म्हणतील, हा उपदेश शेतकऱ्यास करा, आम्हांस कशाला? त्याचे कारण खरवस. गाय व्याल्याची बातमी लागताच आपण चिकाची मागणी करतो, आणि खरवसाची वडी हौसेने खातो. त्यात पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. भरपूर चीक देणाऱ्या गाईला एकच वासरू असेल, तर त्याचे पोट भरून चीक उरतो. परंतु पहिल्या दोन वेळचा चीक घरापर्यंत आला, तर तो कोणाच्या तोंडचा आला, हे विचारण्याचे धैर्य आपण दाखविले पाहिजे. जुळ्यांच्या बाबतीत तर पहिल्या दिवशी उरण्याचा प्रश्न बहुधा येऊच नये.

येथे एका कटू विरोधाभासाचा उल्लेख करणे आम्हांस भाग आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांत गाईंचे मोठमोठे कळप केवळ मांसासाठी पाळले जातात. त्या व्यवहाराचे समर्थन आमच्या वाचकांपैकी कोणी करणार नाही, आम्हीही करीत नाही. तथापि त्या कळपांत वासरू सहा ते आठ महिने आईबरोबर कुरणात राहते आणि तिचे सारे दूध त्यालाच मिळते. तेथे जुळे झाले आणि आईने एकाला नाकारले, तर गुराखी त्या तिघांना काही दिवस लहान कुंपणात एकत्र ठेवतात, किंवा दुसरे वासरू अशा गाईला लावतात जिचे स्वतःचे वासरू दगावले आहे. त्या मेलेल्या वासराचे कातडे परक्या वासराच्या पाठीवर बांधतात, म्हणजे गंधाने फसून ती त्यास पाजते. आमच्याकडेही कातड्याचा उपयोग होत आला आहे. वासरू मेले की त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवावयाचे, म्हणजे ती पान्हा सोडते. तेथे कातडे वापरतात ते दुसऱ्या वासरास दूध मिळावे म्हणून. येथे वापरले गेले ते आपणांस दूध मिळावे म्हणून. जिला मारावयाचे आहे तिच्या वासराला पोटभर दूध, आणि जिला माता म्हणावयाचे तिचे वासरू उपाशी, ही गोष्ट गोपूजकांच्या मनाला टोचली पाहिजे.

आमची परंपरा मुळात अशी नव्हती. अकोले तालुक्यातील डांगी गाय पाहा. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके मिरविणारी, सह्याद्रीचा मुसळधार पाऊस सोसणारी ही जात दुधासाठी नव्हे, तर भातखाचरांत चिखल तुडविणाऱ्या बैलांसाठी जपली गेली. दक्षिणेकडच्या कोरडवाहू भागात खिलार जातीचा लौकिकही बैलांमुळेच. तेथे गोऱ्हा हेच घरचे धन होते, म्हणून गाईचे दूध आधी त्याच्या पोटात जाई. नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली आणि डेअरीची मोटार दारात येऊ लागली, तेव्हा हा हिशेब उलटला. कालवडीला मोल राहिले, गोऱ्ह्याला उरले नाही. संकरित गोऱ्ह्याला तर खांदा बेताचा, ऊन सोसवत नाही आणि गिऱ्हाईक नाही. जुळ्यांत असा गोऱ्हा आणि बहुधा वांझ निघणारी कालवड जन्मली, म्हणजे व्यवहाराच्या दृष्टीने दोन्ही वासरे बिनकामाची. त्यांना दूध न पाजता झिजू देणे किंवा रात्री दूरच्या रस्त्यावर सोडून येणे, हे प्रकार दूधपट्ट्यात घडतात. ते सर्वांना ठाऊक असतात आणि त्यांविषयी कोणी बोलत नाही.

कायद्याने आपले काम केले आहे. महाराष्ट्राच्या १९७६ च्या पशुसंरक्षण अधिनियमात विधिमंडळाने १९९५ साली केलेल्या दुरुस्तीस २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि गाईबरोबर वळू व बैल यांच्या हत्येसही बंदी झाली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गाईस राज्यमाता-गोमाता म्हणून घोषित केले आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी दररोज ५० रुपयांचे अनुदान देण्याचा निर्णय केला. या निर्णयांचे स्वागत अनेक भाविकांनी केले. परंतु कायदा कसायाचा हात धरू शकतो. उपाशी वासराला बाटलीने दूध पाजू शकत नाही. शिवाय आमच्या जिल्ह्यातील दूधपट्ट्यात उभी असलेली गाय बहुतांशी संकरित आहे, आणि तिचा गोऱ्हा या सन्मानाच्या बाहेरच राहतो.

आमच्या जिल्ह्याने २०२४ साली चौंडीच्या कन्येचे, पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव धारण केले. त्यांच्याविषयी एक आख्यायिका लोकांच्या तोंडी आहे. राजपुत्राच्या रथाखाली एक वासरू सापडून मेले आणि त्याची आई रस्त्यात खिळून उभी राहिली. अहिल्यादेवींनी तिचा न्याय करताना पोटच्या पुत्रासही क्षमा केली नाही. मुलावर घालण्यास निघालेला रथ अखेर त्या गाईनेच आडवे होऊन अडविला, असे सांगतात. आख्यायिकेला इतिहासाचा पुरावा मागू नये. एका वासराच्या मृत्यूचा जाब राजघराण्यालाही द्यावा लागतो, ही लोकमनाची श्रद्धा तीत साठविलेली आहे. ते नाव जिल्ह्याने घेतले असेल, तर तो जाबही घेतला पाहिजे.

शेतकऱ्याला एकट्याला दोषी धरणे मात्र अन्याय्य होईल. दोन वासरांना रोज पाच लिटर धरले तरी दोन महिन्यांत तीनशे लिटर दूध डेअरीत न जाता गोठ्यातच खर्च होते. दुधाच्या भावाची खात्री नाही, पेंडीचा भाव चढता, आणि पाथर्डी, कर्जत, जामखेड या भागांत दुष्काळ केव्हाही दारात उभा. २०१२-१३ आणि २०१८-१९ साली जिल्ह्यातील जनावरे छावण्यांत नेऊन जगवावी लागली, हे विसरता येणार नाही. ज्याचे घर दुधाच्या पगारावर चालते त्याने तीनशे लिटरांचे दान एकट्याने करावे, आणि आपण मात्र पाटावरच्या मूर्तीस हळदकुंकू वाहून पुण्य घ्यावे, हा धर्म नव्हे.

म्हणून आमची विनंती दोन्ही बाजूंस आहे. पशुपालकांनी वासरू कोणतेही असो, पहिला चीक त्याचा, हा नियम गोठ्याचा कुळधर्म मानावा. नको असलेले गोऱ्हे जन्मू नयेत यासाठी लिंगविनिश्चित रेतमात्रा उपलब्ध आहेत आणि त्यांतून दहांपैकी सुमारे नऊ वेळा कालवडच होते; त्यांचा लाभ घ्यावा. परंतु जन्मलेल्याचा जन्म नाकारू नये. दूध संस्थांनी निरोगी गाईंचा जादा चीक गोठवून ठेवण्याची सोय आपल्या केंद्रांवर करावी. एखाद्या गावात जुळे झाले वा आई दगावली, तर रात्री-अपरात्री तो कामी येईल. शहरांतील कुटुंबांनी वसुबारसेच्या पूजेबरोबर एक संकल्प करावा. ओळखीच्या शेतकऱ्याकडे किंवा जवळच्या गोशाळेत एका वासराचा दोन महिन्यांचा दुधाचा आणि खुराकाचा भार उचलावा. एका घरास तो जड वाटल्यास चार घरांनी मिळून उचलावा. आळीतल्या भजनी मंडळालाही ते अशक्य नाही. पैसे देऊन स्वस्थ न बसता मुलांना घेऊन ते वासरू पाहून यावे. ज्या मुलाने एकदा वासराला बाटलीने दूध पाजले, त्याला वसुबारसेचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील कथा सर्वांच्या परिचयाची आहे. ब्रह्मदेवाने गोकुळातील वासरे आणि गोपाळ लपविले, तेव्हा श्रीकृष्ण स्वतःच त्या प्रत्येक वासराचे आणि प्रत्येक बालकाचे रूप घेऊन वर्षभर व्रजात राहिला. एके दिवशी गोवर्धनावर चरणाऱ्या गाईंनी खालच्या बाजूस ती वासरे पाहिली. त्या गाईंना आता नवी वासरे झालेली होती. तरीही त्या कडा उतरून धावत आल्या आणि मोठ्या झालेल्या त्या वासरांना चाटीत पाजू लागल्या. नव्या वासराचा वाटा देऊन झाल्यावरही त्यांच्याजवळ आणखी एकाला पुरेल इतका पान्हा होता, कारण समोर उभे असलेले वासरू प्रत्यक्ष भगवंत होता.

आज सायंकाळी निरांजन ओवाळताना गाईच्या पायांशी उभ्या असलेल्या वासराकडे आपण क्षणभर पाहावे. ते कालवड आहे की गोऱ्हा, देशी आहे की संकरित, उपयोगी आहे की नाही, हे प्रश्न त्या क्षणी मनात येऊ देऊ नयेत. आणि एखाद्या गोठ्यात दोन वासरे उभी असतील, तर ओवाळण्याआधी दुसऱ्याच्या पोटाला हात लावून पाहावा. ते भरलेले असेल तर पूजा पोहोचली असे समजावे. रिकामे असेल तर निरांजन खाली ठेवून आधी त्याला पाजावे. सर्व घरांतील आणि सर्व गोठ्यांतील लेकरांचे कल्याण असो, हीच आजच्या दिवशी आमची गोमातेच्या चरणी प्रार्थना.